लाल-काळ्याची अदलाबदल

नागापूरच्या एमआयडीसीत मी इलेक्ट्रिशियन; मी मीटर बाहेर काढला की बिघाड आपणहून कबुली देतो, असं मीच सांगत सुटलो होतो. कोपरगावच्या कारखान्यातली मोटर फोनवर आवाज ऐकून दुरुस्त केली, हेही मीच सांगायचो. त्यातला फोन तेवढा खरा.

रंगवलेले पत्रे सुकवायच्या आमच्या भट्टीतली गरम हवा खेळवणारा पंखा मंदावला आणि उष्णता एका जागी साचून पत्रे करपू लागले. त्या पंख्याला वेग देणारा सिग्नल सारखा चालू-बंद होतो. शंभरातला किती वेळ तो चालू असतो, ती ड्यूटी सायकल. ती हवी सत्तर टक्के. मी चौघांसमोर, न बघता, मीटरचे चिमटे तारांना लावले. न बघता लावणं हीच तर माझी ऐट. आकडा आला तीस.

भट्टी चालवायचे देवळालीचे मामा. वेग कमी-जास्त करायचं बटण त्यांच्याच हाताशी. मी जाहीर करून टाकलं की मामांनी बटण फिरवलं.

मामा एवढंच म्हणाले, "मी हात लावला न्हाई. परत एकदा मोज की."

माझा मीटर दुसऱ्यांदा मोजत नसतो, असं मी ऐकवलं. सगळे हसले. साहेबांनी मामांना भट्टीवरून काढून माल चढवायला लावलं. त्या वयात! आठवड्याभरात त्यांनी काम सोडलं.

पुढं नव्या माणसाच्या हाताखालीही पत्रे करपले. मी पुन्हा तसेच न बघता चिमटे लावले. पुन्हा तीस. तेवढ्यात चिमटे निसटले, परत लावताना लाल-काळ्याची अदलाबदल झाली, आणि आकडा सत्तर! चिमटे उलटे लावले की मीटर चालूऐवजी बंद वेळ मोजतो, हे मला शिकाऊ असल्यापासून ठाऊक होतं. म्हणजे आधी दोन्ही वेळा मीच ते उलटे लावले होते; सिग्नल पहिल्यापासून ठीकच होता. पंखा उघडला, तर आत रंगाची भुकटी इतकी, की अख्खं नागापूर रंगवून निघालं असतं.

देवळालीला गेलो. मामा ओट्यावर शेंगा फोडत बसले होते. सगळं सांगितलं, माफी मागितली. मूठभर शेंगा त्यांनी माझ्यापुढं सारल्या.

"मोजण्यात तुझीच चूक हाय, मला ते तवाच ठाऊक हुतं," ते म्हणाले. "बोललास चौघांत, आन् सांगायला आलास घरी व्हय?"

उद्याच सगळ्यांसमोर सांगतो, म्हणालो. त्याला आता दीड वर्ष होईल. जेवणाच्या सुट्टीत रोज नवी थाप मारतो, सगळे पोट धरून हसतात. ही एक खरी गोष्ट तेवढी तोंडातून निघत नाही.