वाफेची बोट आणि एक उशी

परदेशातल्या या अफाट सरोवरावर कोळशावर चालणारी वाफेची एक जुनी बोट अजून मोटारी वाहून नेते. तिची रीत अशी, की मोटार आपण आत न्यायची नाही. किल्ली खलाशाला द्यायची.

मी घुटमळले. हे गेल्यापासून मोटार मीच चालवते. पण त्यांच्या लांब पायांसाठी मागे सरकवलेली सीट मी कधी हलवली नव्हती. पाठीशी उशी घेऊन भागवत होते.

"दे गं आई, पळवून नाही नेणार तो," लेक हसली.

"सीट हलवू नको म्हणावं."

"असलं काय सांगू त्याला?"

डेकवर धुराचा कडवट वास होता. इंजिनाची संथ धडधड तळपायांत उतरत होती. दोन्ही काठ दिसेनासे झाले, तेव्हा वाटलं, पाण्याला बरं, बोट पुढे गेली की तिची वाट ते लगेच मिटवून टाकतं.

पैलतीरी मोटार मिळाली. खलाशी ठेंगणा होता. सीट पुढे आली होती. माझे पाय प्रथमच पेडलांवर सहज पोचले.

"आई, निघायचं ना?"

मांडीवरची उशी कुठे ठेवावी, ते मला कळत नव्हतं.