विंचेन्झोंचं गाव मी पाहिलं नव्हतं

आमचे खालच्या मजल्यावरचे शेजारी विंचेन्झो गेल्याचं त्यांच्या मुलीनं, क्लाउडियानं, फोनवर सांगितलं तेव्हा मी ऑफिसात होतो. रडू आलं नाही. आधी आठवलं ते माझं खोटं...

जर्मनीत, ब्राउनश्वाइगला आम्ही नवे होतो, तेव्हा कचऱ्याच्या डब्यांपासून आन्मेल्डुंगच्या, म्हणजे पत्ता नोंदवण्याच्या, फॉर्मपर्यंत सगळं त्यांनीच समजावलं. ते दक्षिण इटलीतून तरुणपणी इथल्या कारखान्यात आलेले. कॉफी पिताना पावाचा तुकडा टेबलावर उभा करून ते आपलं गाव दाखवत. हा डोंगर, सगळा चिकणमातीचा. खाली नदीकाठी हिवताप, म्हणून शेकडो वर्षांपूर्वी माणसं वर चढली. माथ्यावर किल्ला, त्याखाली उतरत जाणाऱ्या गल्ल्या. "खाली ताप मारायचा, वर डोंगर सरकायचा," म्हणून ते हसत.

दोन वर्षांपूर्वी आम्ही नेपल्सला सुट्टीवर निघालो, तेव्हा त्यांनी पहिल्यांदाच काही मागितलं. "शेवटच्या गल्लीत माझ्या आईचं घर. तेवढं बघून याल?"

गाव दीड तासावर होतं. पण मुलांना समुद्र सोडवेना, मलाही... गेलो नाही. परतल्यावर त्यांनी जिन्यातच विचारलं, "पाहिलंत?"

"पाहिलं की! छान आहे घर. खिडकीत फुलं आहेत."

ते माझ्याकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "फुलं... बरं झालं." पुन्हा त्यांनी तो विषय काढला नाही. कॉफीला मात्र पूर्वीसारखंच बोलवत राहिले.

अंत्यविधीनंतर मी क्लाउडियाला हे सांगून टाकलं. ती म्हणाली, "ती गल्ली दरडीत गेली. आजी घरातच होती. पपा त्याच वर्षी इकडे आले. पुन्हा जायचा धीर त्यांना कधी झाला नाही. आपल्या वतीनं कुणीतरी तिथं उभं राहावं, एवढंच म्हणायचे."

म्हणजे माझं खोटं त्यांना त्याच क्षणी कळलं होतं.

गेल्या महिन्यात मी एकटाच गेलो. आता शेवटची उरलेली गल्ली एका लोखंडी कठड्यापाशी संपते. पुढे नुसती हवा, आणि खोल खाली नदी. बराच वेळ उभा राहिलो. परतताना चर्चच्या भिंतीला लागून एक दगडी बाक दिसला. चार म्हातारे बसले होते. मी सवयीनं जर्मनमध्येच नमस्कार केला. त्यांतल्या एकानं चक्क जर्मनमध्ये विचारलं, "कुणाकडचे तुम्ही?"

"ब्राउनश्वाइगच्या विंचेन्झोंकडचा."

"अरे! कसा आहे तो?"

"गेले," मी म्हणालो.

त्यानं टोपी काढून मांडीवर ठेवली. "आम्ही सगळे त्याच गल्लीतले. रोज इथंच बसतो."

मग चौघेही थोडे थोडे सरकले.