चाळीस जीबीचा माळा

गिरीज गावचा तो कॉम्प्युटर मेकॅनिक आमच्या वसईच्या फ्लॅटवर एकदाच आला. नाव विचारायचं राहूनच गेलं. पण अजूनही माळ्याकडे मान वर गेली की मला तोच आठवतो.

आमचा कॉम्प्युटर सेकंडहँड, आणि त्याची चार जीबीची हार्ड डिस्क सारखी भरायची. मेकॅनिकने स्कूटरच्या डिकीतून स्टीलचा डबा आणला. आत टॉवेलात गुंडाळलेल्या दोन डिस्क, एक वीसची, एक चाळीसची, आणि वर घरची चार सुकेळी, म्हणजे वाळवलेली केळी.

"वीस जीबी भरपूर झालं," मी ऐटीत म्हणालो. "नको ते साठवायची मला सवयच नाही."

त्याने फक्त स्टूल मागितलं. मला वाटलं, वायरिंग बघायचं असेल. त्याने वर चढून थेट माळ्याचा पडदा सारला. पंख्याची तीन पाती, बंद मिक्सर, कॉलेजात जाणाऱ्या मुलाची तीनचाकी सायकल, आणि रिकाम्या खोक्यांत रिकामी खोकी.

"बरं झालं, तुम्हीच बघितलंत," बायको स्वयंपाकघरातून म्हणाली.

तो हात झटकत उतरला. "काका, डिस्क किती हवी ते मी माणसाला नाय विचारत, त्याच्या माळ्याला विचारतो." आणि त्याने चाळीसची बसवली.

काम झाल्यावर सुकेळं चघळत तो जुनी डिस्क डब्यात टाकू लागला.

"ती राहू द्या," मी घाईने म्हणालो. "चालू आहे अजून. कधी लागली तर?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं, त्याने स्टूल जागचं हलवलंच नव्हतं. डिस्क घेऊन तो पुन्हा वर चढला.