वाजवून घेतलेली सळई

आमच्या ह्यांना, धोंडीबा मिस्त्रींना, अख्खी डोंबिवली एमआयडीसी ओळखायची. चाळीस वर्षं बिडाचं ओतकाम केलं. ओतलेला नग थंड झाला की दोरीला टांगायचा, हातोडीने हलकेच ठोकायचा आणि डोळे मिटून ऐकायचं. टणटणीत वाजला तर पास. बद्द वाजला तर आत चीर. कागदावरचा रिपोर्ट गेला खड्ड्यात! माझा बिडाचा तवासुद्धा त्यांनी असाच वाजवून घरात आणलेला.

गेल्या वर्षी मोहन्याच्या नाक्यावर रिक्षातून उतरताना पडले आणि मांडीचं हाड मोडलं. माजिवड्याच्या हॉस्पिटलात रुचिता डॉक्टर म्हणाली, "काका, आत टायटॅनियमची सळई घालू. नाहीतर पुन्हा चालणं कठीण आहे." मुलीच्या वयाची पोर, पण बोलणं ठाम. तिने नमुन्याची पोकळ सळई ह्यांच्या हातात दिली.

ह्यांनी ती तळहातावर तोलली आणि परत केली. "हिला वजनच नाही. असलं फुसकं माझा भार काय पेलणार? मी सही करणार नाही." झालं! बसले अडून. दोन दिवस मी हात जोडले, रडले, शेवटी चिडले. "अहो, तुम्ही जन्मभर अंथरुणात आणि मी उशाशी, हेच बघायचंय का?" मला नुसती धडकी भरलेली.

रुचिता मात्र चिडली नाही. म्हणाली, "काका, बीड वाकवलं तर?"

"वाकत नाही. दाबलंत तर ट्रक पेलेल, पण वाकवायला गेलात की काडकन तुटेल. आधी सांगणारसुद्धा नाही."

"हाड चालताना रोज थोडं वाकतं. ही सळईही वाकते आणि पुन्हा सरळ होते. हलकी आहे, पण ओढलीत तर बिडाच्या तिप्पट-चौपट ताण सोसते. आणि शरीरात गंजत नाही."

ह्यांनी सळई पुन्हा मागून घेतली. मग म्हणाले, "कले, पिशवीचा बंद सोड."

बंदाला सळई टांगली आणि चहाचा चमचा हळूच मारला. आई गं! असा आवाज मी जन्मात ऐकला नव्हता. बारीक, स्वच्छ, आणि संपता संपेना. शेजारच्या खाटेवरचा कॉस्मास कण्हायचा थांबला. ह्यांच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी येत होतं.

"खोट नाही," ते म्हणाले. "आणा कागद."

चार महिन्यांनी पहिल्यांदा काठी सोडून उभे राहिले. मला म्हणतात, "मी गेल्यावर राख सावडाल ना, त्यात ही तशीच असेल. एकदा वाजवून बघा."

"जळो मेली ती जीभ!" म्हणत मी तव्याकडे वळले. मागे हे दारापर्यंत चालत गेले, परत आले. मी पाठमोरी उभी राहून ऐकत होते. डावं पाऊल, उजवं पाऊल, दोन्ही टणटणीत. तव्यावर भाकरी करपली, तरी मी हलले नाही.