नळीतला कापूस

"खानावळीतलो ताप तो. दुसरो खंयचो येतलो?" आमचा शिपाई दारात उभा राहून नगरपालिकेच्या इन्स्पेक्टरला सांगत होता. मी आत काचपट्ट्या धूत होते.

मालवणातल्या आमच्या छोट्या प्रयोगशाळेतले थोरले सहायक टायफॉइडने अंथरुणाला खिळले होते. ते ज्या खानावळीत जेवत ती बंद करायची, असं आमच्या डॉक्टरसाहेबांनी ठरवून टाकलं होतं. खानावळवाल्या काकी बाहेर बाकावर बसल्या होत्या. त्यांचं घर त्या एका चुलीवर चालायचं.

साहेबांना जंतूंची भीती नव्हती. जे भीत त्यांचा मात्र तिटकारा होता. तपासणीसाठी टायफॉइडचे जिवंत जंतू आम्ही तिथेच वाढवत असू. त्यांचं गढूळ पाणी काचेच्या नळीत तोंडाने ओढायचं आणि वरचं टोक बोटाने दाबून धरायचं, ही कामाची रीत. नळीच्या तोंडाकडच्या टोकात कापसाचा बोळा असावा असं पुस्तकात होतं. साहेब तो चिमट्याने उपसून टाकत. कापसाने काम रेंगाळतं म्हणे.

"कापूस बायकांनी वातींना वापरावा," ते म्हणाले, आणि सगळे हसले. मी माझ्या नळ्यांतला बोळा काढला नाही, म्हणून माझं नाव 'कॉन्व्हेंटची मडम' पडलं. थोरले सहायकही आधी बोळा घालत. पण पुरुषमाणसाने हसू किती सोसायचं! त्यांनी सोडला. मग एका दुपारी घाईत त्यांनी जोराने ओढलं, ठसका लागला, मोरीकडे धावून चूळ भरली. साहेबांनी पाठीवर थाप मारली. "झालात पक्के! आता लस टोचायला नको."

पुढे ताप आला.

आमच्या रॉकेलच्या फ्रिजमध्ये जंतूंच्या नळ्यांना खेटून साहेबांची सुरमई असे, आणि ती ते आवडीने खात. अशा माणसाला काकींच्या चुलीपाशी घाण दिसली.

काकी उठून दारात आल्या. "सायबा, माझ्या पंगतीक मास्तर आसत, कचेरीतले आसत. एकाक तरी ताप इलो? ह्येंकाच कसो इलो?"

"बाई, हे शास्त्र आहे. तुम्हाला कळायचं नाही," साहेब म्हणाले आणि इन्स्पेक्टरसाठी चहा मागवला. तोही जंतूंच्या नळ्या भरायच्या त्याच टेबलावर ठेवला गेला.

इन्स्पेक्टरने रिवाज म्हणून विचारलं, "आणखी कुणाला काही सांगायचंय?"

"मडम खंय बोलतली!" शिपाई हसला.

साहेबांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. गेलं वर्षभर पाहिलं नव्हतं, तसंच. मी हात पुसले.

"काकींच्या जेवणात काही नव्हतं," मी म्हणाले. "ते जंतू थोरल्या सहायकांच्या तोंडात याच टेबलावर गेले, साहेबांसमोर. नळीत कापूस नव्हता. आणि तुमचा कप ठेवलाय ना, तिथेच."