कप्तानांचं दाभोळ

हर्णैच्या एस्टी स्टँडवर आये माझी पेटी सोडेना. अठ्ठ्याहत्तर साल. पंधरा वर्षं नौदलात काढून मी बहरीनला टगबोटीवर कामाला निघालो होतो. "लढाई असंल तिथं नको जाऊस हां," एवढंच ती म्हणत राहिली. मी हसलो. बहरीनला कसली लढाई? दोन वर्षांनी इराण-इराकची पेटली आणि पुढे आखातातल्या टँकरांवर बॉम्ब पडायला लागले. जळत्या बोटींवरची माणसं उतरवणं हे आमच्या टगचं काम होऊन बसलं. घरी मी लिहायचो, ऑफिसात आहे, एसी आहे.

टगचे कप्तान इब्राहिमसाहेब कराचीचे. त्यांच्याशी माझं हिंदीत चालायचं, तेही कामापुरतं. एकदा दोराखाली माझं बोट चिरडलं आणि मी ओरडलो, "मेलो गो आये!" साहेब वरून धावत आले. पट्टी बांधता बांधता चक्क मराठीत म्हणाले, "कोकणातला काय रे तू?"

ते मूळचे दाभोळचे निघाले. फाळणीच्या वेळी दहा वर्षांचे असताना वडिलांबरोबर कराचीला गेलेले. चौथीपर्यंत मराठी शाळा. मग शुक्रवारच्या सुट्टीत आम्ही मनामाच्या सूकमध्ये, तिथल्या बाजारात, सुके बोंबील शोधत भटकायचो आणि ते विचारत राहायचे, धक्का तसाच आहे का रे? बायका मासळी कुठे वाळत घालतात? दाभोळला जायला त्यांनी तीनदा व्हिसा मागितला होता. मिळाला नाही. एकाहत्तरला ते पाकिस्तानच्या नौदलात अधिकारी होते. कराचीसमोर आमच्या मिसाइलने त्यांची बोट बुडवली, सोबतची कितीतरी माणसं गेली, ते फळीला धरून तासन् तास पाण्यात होते. हे त्यांनीच सांगितलं. तेव्हा मी भारताच्या नौदलात होतो, हे महिनोन् महिने मी त्यांना सांगितलं नाही.

एका दुपारी पेटलेल्या टँकरला आम्ही टग लावली. रंग वितळून डेकवर गळत होता. "साहेब, खलास, मागे घ्या!" मी ओरडलो. "अजून एक आहे वर," ते म्हणाले आणि हलले नाहीत. शेवटचा खलाशी उडी मारून आमच्यात येईपर्यंत त्यांनी टग तशीच धरून ठेवली.

परतताना मला राहवलं नाही.

"साहेब, तुमची बोट बुडाल्याची बातमी आली, तेव्हा मी आमच्या डेकवर नाचलो होतो."

त्यांनी टगचा वेग कमी केला. "त्याच लढाईत आमच्या पाणबुडीने तुमची बोट बुडवली, तेव्हा मी मिठाई वाटली. तुझं कुणी होतं तिच्यात?"

"सदा होता. माझ्या गावचा. बरोबरच भरती झालो होतो."

"सदा," ते म्हणाले. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले, "सदा."

ते निवृत्त होऊन कराचीला गेले. मी अजून बहरीनमध्येच, जिदहफ्सला आहे. मुलांशी मराठीत बोलतो, ती इंग्रजीत उत्तर देतात. चौथीतल्या अक्षरात साहेबांची पत्रं येतात. गाववाल्यांनो, तुम्ही गावी राहिलात, तुम्हाला वाटतं मी रजेत फक्त हर्णैसाठी येतो. पण एक दिवस मी दाभोळला जातो, दिसेल ते त्यांना लिहून कळवतो. घर नेमकं कुठलं, हे आता मला एका गावात सांगता येत नाही.

मागच्या खेपेला मासळी वाळत घालणाऱ्या एका म्हातारीने विचारलं, "कुणाच्यातला रे तू?"

मी साहेबांच्या वडिलांचं नाव सांगितलं. ती हात पुसून आत गेली आणि माझ्यासाठी पाणी घेऊन आली.