येलदरीचं पिठलं

लग्न होऊन मी येलदरीला आले, तेव्हा माझ्या मोठ्या नणंदेची धरणाजवळ पत्र्याची खानावळ होती. तिला सगळे आक्का म्हणायचे, मीही. रविवारी परभणी-जिंतूरहून लोक धरण बघायला यायचे आणि आक्काच्या हातचं माशाचं कालवण खाऊन जायचे.

पण आषाढ लागला की आक्का मासे बंद करायची. दोन महिने नुसतं पिठलं, भाकरी, ठेचा. समोरच्या टपरीत मात्र अंड्यावर आलेले मासे सर्रास तळले जायचे आणि गाड्या तिकडेच थांबायच्या. पहिल्या वर्षी मला ते सोसेना.

"आक्का, सगळं गिऱ्हाईक समोर जायलंय!"

"जाऊ दे. ह्या दिसांत एक मासा कापला की त्याच्या पोटातली सगळी पिल्लं गेली. पुढच्या साली लोकायला काय वाढायचं, धरणाचं पाणी?"

मी गाल फुगवून भाकऱ्या थापत राहिले.

त्याच आषाढात एक मोठी गाडी थांबली. मासे नाहीत म्हटल्यावर आतले गृहस्थ परत वळले, पण त्यांची म्हातारी आई उतरलीच. "मला भूक लागलीय. मी पिठलं खाणार," म्हणत ती बाकावर बसली. मग सगळ्यांनाच बसावं लागलं. थोड्या वेळानं त्या गृहस्थांनी आणखी भाकरी मागितली, तेव्हा मी चुलीकडे तोंड फिरवून हसले.

पुढच्या वर्षांत खास पिठल्यासाठीही माणसं यायला लागली. समोरच्यानं मासे काही बंद केले नाहीत. पण आम्हाला मासे देणारे काका मात्र त्या दोन महिन्यांत पाण्यात जाईनासे झाले. आमच्याच ओट्यावर बसून जाळी सांधायचे, आक्काशी गप्पा मारायचे.

पुढं आक्काचे गुडघे गेले आणि खानावळ बंद झाली. आता आम्ही दोघी माझ्या मुलाकडे परभणीत राहतो. इथल्या बाजारात बारा महिने मासे मिळतात. आषाढात ती अजूनही घरात आणू देत नाही.

मला आठवतात त्या दुपारी. गर्दी ओसरली की आम्ही दोघी दाराशी एकाच ताटात जेवायचो. समोर पाणी चमकत असायचं. कढईच्या तळाची खमंग खरवड आक्का उलथन्यानं काढायची आणि माझ्याकडे सरकवायची.

"खा गं. लय राबलीस आज."